बायनरी तीच, बिल्ड नवी: ओपन सोर्स फर्मवेअरची मेकफाइल सुधारताना

ओपन सोर्स फर्मवेअर (चिपवर थेट चालणारा प्रोग्राम) प्रोजेक्टमध्ये नव्याने हात घालणाऱ्याला सगळ्यात आधी खटकते ती बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून चिपवर जाणारी बायनरी फाइल बनवण्याची प्रक्रिया. हेडरमधली एक ओळ बदलली तर काहीच कंपाइल होत नाही, नाहीतर सगळंच होतं. रीडमीमध्ये लिहिलेलं असतं की काही विचित्र वागलं तर मेक क्लीन करा, म्हणजे बनलेलं सगळं पुसून पुन्हा बिल्ड करा. मग मनात येतं की हे जुनाट प्रकरण उचलून सरळ सीमेक या दुसऱ्या बिल्ड टूलवर नेऊ. असा पॅच बहुतेक वेळा पडून राहतो आणि त्यात मेंटेनरचा आळस नसतो. दोन हजार ओळी बदलल्यावर बोर्डावर जाणारा कोड तोच राहिला का, हे नुसतं वाचून कुणालाच सांगता येत नाही. प्रोजेक्ट ज्या बोर्डांवर चालतो ते सगळे बोर्डही कुणा एकाकडे नसतात.

म्हणून क्रम उलटा धरायचा. त्याच सोर्समधून दर वेळी बाइटन् बाइट तीच बायनरी निघेल, एवढी सोय आधी करायची. त्यानंतरचा प्रत्येक बदल छोटा ठेवायचा आणि ‘आधीचा हॅश आणि नंतरचा हॅश एकच’ या पुराव्यासकट पाठवायचा. हॅश म्हणजे फाइलच्या बाइटवरून काढलेला ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो. असा पॅच तपासणाऱ्याला दोन मिनिटं पुरतात.

पुढचं सगळं जीएनयू मेक (मेकफाइलमधल्या नियमांप्रमाणे बिल्ड करणारं टूल), जीसीसीचं आर्म-नन-ईएबीआय टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरेंचा संच) आणि एसटीएम३२एफ१०३सी८ ही चिप धरून लिहिलं आहे. ब्लू पिल बोर्डावर असते तीच ही चिप: कॉर्टेक्स-एम३, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. कमांड आणि फ्लॅग उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, त्यांत ‘बरोबर’ म्हणजे = हे चिन्ह. टाइप करताना ते रोमन अक्षरांतच लिहायचे, आणि जिथे कॅपिटल म्हटलं आहे तिथे कॅपिटलच.

पायरी १: आधी हॅश जुळवा

रेपॉझिटरी दोन वेगळ्या फोल्डरमध्ये क्लोन करा. फोल्डरच्या नावांची लांबी मुद्दाम वेगळी ठेवा. एकात बिल्ड करा, मिनिटभर थांबा, मग दुसऱ्यात करा. दोन्हीकडच्या बिन फाइलवर शा२५६सम चालवा. लिंकरने बनवलेल्या ईएलएफ फाइलची तुलना करू नका. तिच्यात डीबग माहितीसोबत फोल्डरचे पूर्ण पाथ बसतात, त्यामुळे ती वेगळी निघणं साहजिक आहे. बिन फाइलमध्ये मात्र फ्लॅशमध्ये जाणारे बाइटच असतात.

पहिल्या फटक्यात हॅश क्वचितच जुळतात. फरक कुठे आहे ते शोधायला सीएमपी ही कमांड डॅश-एल देऊन दोन्ही बिन फाइलवर चालवा. ती प्रत्येक वेगळ्या बाइटचा क्रमांक दशमानात आणि बाइटच्या दोन्ही किमती ऑक्टलमध्ये छापते. क्रमांक १ पासून मोजलेला असतो, म्हणून त्यातून एक वजा करायचा. समजा पहिला क्रमांक १८६८९ आला. एक वजा केल्यावर १८६८८, हेक्समध्ये ०एक्स४९००. या चिपची फ्लॅश ०एक्स०८०००००० पासून सुरू होते, म्हणजे फरक ०एक्स०८००४९०० या पत्त्यावर आहे. आता मॅप फाइल (कोणता कोड कोणत्या पत्त्यावर गेला याची लिंकरने लिहिलेली यादी) उघडा आणि हा पत्ता कोणत्या सेक्शनमध्ये, कोणत्या ऑब्जेक्ट फाइलच्या वाट्याला येतो ते बघा. मॅप फाइल निघत नसेल तर लिंकरला डॅश-कॅपिटल-डब्ल्यू-एल, स्वल्पविराम, डॅश-कॅपिटल-एम-एपी, बरोबर, फाइलचं नाव एवढं द्या. बहुतेकदा फरक आरओडेटा या फक्त वाचायच्या डेटाच्या सेक्शनमधल्या एखाद्या स्ट्रिंगमध्ये सापडतो, आणि ती स्ट्रिंग बघितली की कारण कळतं.

कारणं ठरलेली असतात. पहिलं म्हणजे डबल अंडरस्कोरवाले डेट आणि टाइम मॅक्रो, जे बूट बॅनरमध्ये कुणीतरी हौसेने छापलेले असतात. ते काढून टाकणं उत्तम. काढायला विरोध असेल तर सोर्स-डेट-एपॉक हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा. जीसीसी ७ पासून हे मॅक्रो त्यातली वेळ वापरतात. दुसरं कारण फाइल मॅक्रो. त्याच्या जागी सोर्स फाइलचा पाथ येतो, आणि असर्टमध्ये तो हमखास असतो. मेकफाइल रिलेटिव्ह पाथ वापरत असेल तर काही अडत नाही. पण कुणी ॲबसपाथ किंवा कर्डिरने पूर्ण पाथ तयार केले असतील, तर तुमचं होम फोल्डर फर्मवेअरमध्ये जाऊन बसतं. त्यासाठी जीसीसी ८ पासून डॅश-एफ-फाइल-प्रिफिक्स-मॅप हा फ्लॅग आहे.

तिसरं कारण सोर्स फाइलींचा क्रम. यादी वाइल्डकार्डने काढलेली असेल तर लक्षात ठेवा, की मेकच्या ३.८२ आवृत्तीपासून वाइल्डकार्ड नावं क्रमाने देत नव्हता आणि ४.३ मध्ये पुन्हा द्यायला लागला. मधल्या आवृत्त्यांवर क्रम फाइलसिस्टीमच्या मर्जीवर असतो. ऑब्जेक्टचा क्रम बदलला की लिंकर फंक्शनं वेगळ्या पत्त्यांवर ठेवतो आणि जवळजवळ सगळी बायनरी बदलते. वाइल्डकार्डला सॉर्टमध्ये गुंडाळा, किंवा फाइलींची नावं हाताने लिहून काढा. हाताने लिहिलेली यादी अधिक चांगली. वाइल्डकार्डमुळे फोल्डरात विसरलेली जुनी सी फाइलही गुपचूप फर्मवेअरमध्ये शिरते.

चौथं कारण गिटचा कमिट हॅश. तो बायनरीत असायलाच हवा, पण तुमच्या पॅचच्या आधीचा आणि नंतरचा कमिट वेगळा, म्हणून तुलना कधीच जुळणार नाही. उपाय असा: व्हर्जन एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि तुलनेच्या वेळी मेक व्हर्जन बरोबर टेस्ट असं कमांड लाइनवरून द्या. कमांड लाइनवर दिलेलं व्हेरिएबल मेकफाइलमधल्या किमतीवर मात करतं. कमिट न केलेले बदल असले की व्हर्जनच्या शेवटी लागणारा डर्टी हा शब्दही त्यासोबत जातो.

हॅश दोन्हीकडे जुळला की तो आणि कंपायलरची आवृत्ती लिहून ठेवा. कंपायलर बदलला की हॅश बदलतोच, तेव्हा तुलना नेहमी त्याच टूलचेनवर करायची.

पायरी २: हेडरवरचं अवलंबित्व

मेक क्लीनचा सल्ला ज्या आजारामुळे द्यावा लागतो तो हाच. मेकला सी फाइल दिसते, पण तिच्यातले इन्क्लूड दिसत नाहीत. त्यामुळे कॉन्फिग हेडरमध्ये बफर ६४ चा १२८ केला, तरी तो हेडर वापरणाऱ्या फाइली जुन्याच राहतात. मग काही ऑब्जेक्ट ६४ धरून चालतात, काही १२८ धरून. कंपायलर किंवा लिंकर एका शब्दाने तक्रार करत नाही. बोर्डावर शेजारच्या व्हेरिएबलची किंमत आपोआप बदलताना दिसते आणि माणूस दोन दिवस डीएमएवर (प्रोसेसरला वगळून मेमरीत डेटा हलवणारं हार्डवेअर) संशय घेत बसतो.

उपाय दोन फ्लॅग आणि एका ओळीचा आहे. कंपाइलच्या फ्लॅगमध्ये डॅश-एमएमडी आणि डॅश-एमपी घाला, दोन्ही कॅपिटल. पहिल्यामुळे प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी एक डी फाइल तयार होते, आणि त्या ऑब्जेक्टला कोणते हेडर लागले याची यादी तिच्यात मेकच्याच भाषेत असते. दुसरा फ्लॅग त्या यादीतल्या प्रत्येक हेडरसाठी रिकामा नियम घालतो. तो नसेल तर एखादा हेडर डिलीट केल्यावर मेक ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून अडून बसतो. मग मेकफाइलच्या अगदी शेवटी या सगळ्या डी फाइली इन्क्लूड करा, इन्क्लूडच्या आधी एक डॅश देऊन. पहिल्या बिल्डला डी फाइली नसतात, म्हणून हा डॅश लागतो. आणि शेवटी अशासाठी, की त्या वर आणल्या तर डी फाइलमधलं पहिलं ऑब्जेक्टच डीफॉल्ट टार्गेट बनतं, आणि नुसतं मेक म्हटल्यावर एकच फाइल कंपाइल होऊन काम संपतं.

तीन गोष्टी या जाळ्यातून सुटतात. लिंकर स्क्रिप्ट डी फाइलमध्ये येत नाही, ती ईएलएफच्या नियमात हाताने लिहा. मेकफाइल स्वतःही ऑब्जेक्टच्या अवलंबित्वात लिहा. आणि असेंब्ली स्टार्टअप फाइलचं एक्स्टेन्शन लहान एस असेल तर ती प्रीप्रोसेसरमधून जात नाही, म्हणून तिची डी फाइल निघत नाही. कॅपिटल एस असेल तर निघते.

तपासणी अशी: मेक दोनदा चालवा. दुसऱ्यांदा काहीही कंपाइल होता कामा नये. मग एका हेडरला टच करा आणि मेक डॅश-डॅश-ट्रेस चालवा. कोणती फाइल कशामुळे पुन्हा बनते आहे ते तो छापतो. दुसऱ्या वेळीही लिंक होत असेल तर कुठेतरी असा नियम आहे, जो आपल्या टार्गेटच्या नावाची फाइल तयारच करत नाही.

पायरी ३: फ्लॅग बदलले तर

डीबग बरोबर १ देऊन बिल्ड केली, नंतर ते काढून केली. मेकच्या दृष्टीने कोणतीच फाइल बदललेली नाही, म्हणून बोर्डावर अर्धी डीबग आणि अर्धी रिलीज अशी खिचडी जाते. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक बोर्ड आणि प्रकारासाठी वेगळं बिल्ड फोल्डर. सोर्स फोल्डरमध्ये एकही ऑब्जेक्ट पडू द्यायचं नाही. क्लीन म्हणजे मग ते एक फोल्डर उडवणं, गिटइग्नोरमध्येही एकच ओळ.

पण सीफ्लॅग्जमध्ये छोटासा बदल केला तर फोल्डर तोच राहतो. त्यासाठी फ्लॅगची फाइल ठेवतात: दर बिल्डला सगळे फ्लॅग एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचे, सीएमपी डॅश-एस ने जुन्या फाइलशी ताडायचे, आणि वेगळे असतील तरच जुनीच्या जागी नवी ठेवायची. सगळी ऑब्जेक्ट या फाइलवर अवलंबून. फ्लॅग तेच असतील तर फाइलची वेळ बदलत नाही आणि काही पुन्हा कंपाइल होत नाही. लिनक्स कर्नलचं केबिल्ड याच विचाराने प्रत्येक ऑब्जेक्टसाठी कमांड साठवतं.

व्हर्जन हेडरलाही हीच युक्ती लावा. कित्येक प्रोजेक्टमध्ये तो दर वेळी नव्याने लिहिला जातो आणि त्यामुळे निम्मा प्रोजेक्ट विनाकारण पुन्हा कंपाइल होतो. शिवाय व्हर्जनची स्ट्रिंग एकाच छोट्या सी फाइलमध्ये ठेवा, बाकीच्यांनी तिला एक्स्टर्न म्हणून बघावं.

पायरी ४: बरोबर की कोलन-बरोबर

गिट डिस्क्राइब या व्हर्जनचं नाव देणाऱ्या कमांडची शेल कॉल साध्या बरोबरच्या चिन्हाने व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि ते व्हेरिएबल सीफ्लॅग्जमध्ये घातलं, तर प्रत्येक फाइल कंपाइल करताना गिट नव्याने चालतं. १२० फाइली असतील तर किमान १२० वेळा. विंडोजवर नवा प्रोसेस सुरू करणं महाग असल्याने तिथे हे चांगलंच जाणवतं. कोलन-बरोबर लिहिलं की किंमत एकदाच काढली जाते. प्रश्नचिन्ह-बरोबर हेसुद्धा साध्या बरोबरसारखंच वागतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

इथेच आणखी एक दुरुस्ती. मेक सीफ्लॅग्ज बरोबर डॅश-ओ०, असं कुणी कमांड लाइनवर दिलं की मेकफाइलमधल्या सगळ्या अधिक-बरोबर ओळी निष्प्रभ होतात आणि कोणत्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा ते सांगणारा डॅश-एमसीपीयूसुद्धा नाहीसा होतो. ज्यांच्याशिवाय कोड चालणारच नाही असे फ्लॅग वेगळ्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये हलवा, आणि सीफ्लॅग्ज वापरणाऱ्यासाठी मोकळा सोडा.

पायरी ५: समांतर बिल्ड

मेक डॅश-जे८ दिल्यावर बिल्ड कधी चालते, कधी फुटते, अशी तक्रार असेल तर दोष मेकचा नसतो. कुठेतरी अवलंबित्व लिहायचं राहिलेलं असतं आणि एकेक फाइल कंपाइल होत असताना केवळ क्रमाच्या नशिबाने ते झाकलं गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार तयार होणाऱ्या हेडरचा. स्क्रिप्ट चालून पिन टेबलचा हेडर बनतो आणि मेन फाइल तो इन्क्लूड करते. पहिल्या बिल्डला डी फाइल नसल्यामुळे मेकला हे माहीत नसतं, म्हणून हेडर बनण्याआधीच मेन फाइल कंपाइल व्हायला घेतली जाते. असे हेडर सगळ्या ऑब्जेक्टच्या नियमात उभ्या रेघेच्या उजवीकडे लिहा. त्याचा अर्थ: हे आधी अस्तित्वात असू दे, पण त्याची वेळ बदलली म्हणून मला पुन्हा बनवू नकोस. खरोखर कुणाला तो हेडर लागतो, ते दुसऱ्या बिल्डपासून डी फाइली सांगतात. बिल्ड फोल्डरही रेघेच्या उजवीकडेच हवं. डावीकडे लिहिलं तर फोल्डरात नवी फाइल आली की फोल्डरची वेळ बदलते आणि सगळं पुन्हा कंपाइल होतं.

उपफोल्डरमधली मेकफाइल चालवताना नुसतं मेक लिहू नका, डॉलर-कंसात कॅपिटल मेक लिहा. तसं केलं तरच आतल्या मेकला बाहेरच्याचे जॉब वाटून मिळतात.

लपलेली भोकं शोधायला मेक ४.४ मध्ये, म्हणजे २०२२ पासून, डॅश-डॅश-शफल आहे. तो अवलंबनांचा क्रम मुद्दाम पिसतो. क्लीन करून डॅश-जे आणि शफलसह पाच-दहा वेळा बिल्ड करा आणि प्रत्येक वेळी हॅश बघा. मॅकओएससोबत येणारा मेक ३.८१ आहे, त्यात शफल नाही. तिथे होमब्रूचा जीमेक वापरावा लागतो. प्रोजेक्टला नवा मेक लागत असेल तर मेकफाइलच्या सुरुवातीला आवृत्ती तपासून स्पष्ट संदेश देऊन थांबवा. सबमॉड्यूल आणलेलं नाही, टूलचेन पाथमध्ये नाही, प्रोजेक्टच्या पाथमध्ये स्पेस आहे, हेही तिथेच तपासता येतं. स्पेसचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण मेक नावांची यादी स्पेसनेच तोडतो. विंडोजवर युजरचं नाव आणि आडनाव मिळून फोल्डर बनलेलं असेल, तर नवा माणूस पहिल्याच बिल्डला अडकतो.

पायरी ६: लिंकिंग, जिथे बायनरी बदलणारच

इथपर्यंतच्या सगळ्या पॅचमध्ये हॅश तोच राहायला हवा, अपवाद फक्त पहिल्या पायरीतल्या दुरुस्त्यांचा आणि व्हर्जनची स्ट्रिंग वेगळ्या सी फाइलमध्ये हलवण्याचा. इथून पुढे तो बदलेल, म्हणून हे पॅच वेगळे पाठवायचे आणि बोर्डावर चालवून बघायचे.

आधी हे तपासा: लिंकच्या कमांडमध्ये डॅश-एमसीपीयू आणि डॅश-एमथंब आहेत का? नसतील तर जीसीसी डीफॉल्ट सी लायब्ररी उचलतो, आणि ती आर्म इन्स्ट्रक्शनची असते. कॉर्टेक्स-एम३ ला फक्त थंब कळतं. लिंकर बहुतेक वेळा गप्प बसतो, आणि बोर्डावर मेमकॉपीच्या पहिल्या कॉलला हार्डफॉल्ट (प्रोसेसरने पकडलेली गंभीर चूक) येतो.

मग डॅश-एफ-फंक्शन-सेक्शन्स, डॅश-एफ-डेटा-सेक्शन्स आणि लिंकरला जीसी-सेक्शन्स. न वापरलेली फंक्शनं गळून पडतात आणि चांगली जागा सुटते. पण इंटरप्ट व्हेक्टर टेबलला कोडमधून कुणीच हाक मारत नाही, म्हणून लिंकर तेही कचऱ्यात काढतो. लिंकर स्क्रिप्टमध्ये त्या सेक्शनभोवती कीप हवंच. चिप सुरू होताना स्टॅक पॉइंटर आणि रीसेटचा पत्ता फ्लॅशच्या पहिल्या आठ बाइटमधून वाचते. तिथे टेबल नसेल तर बोर्ड मुकाच राहतो. बायनरी अपेक्षेपेक्षा फारच लहान झाली, तर आनंद मानण्याआधी मॅप फाइलमध्ये व्हेक्टर टेबल ०एक्स०८०००००० वर आहे ना ते बघा.

शेवटी लिंकरला डॅश-डॅश-प्रिंट-मेमरी-युसेज द्या. हा मात्र नुसता छापतो, बायनरीला हात लावत नाही. साइज कमांडचे आकडे वाचताना गल्लत होते: फ्लॅश म्हणजे टेक्स्ट अधिक डेटा, रॅम म्हणजे डेटा अधिक बीएसएस. टेक्स्ट म्हणजे कोड, डेटा म्हणजे सुरुवातीची किंमत दिलेली व्हेरिएबल, बीएसएस म्हणजे शून्यापासून सुरू होणारी. टेक्स्ट ४१,२३६, डेटा ४१२ आणि बीएसएस ६,०२० असेल तर फ्लॅश ४१,६४८ बाइट लागली, आणि रॅम ६,४३२. २० केबी म्हणजे २०,४८० पैकी स्टॅक आणि हीपला १४,०४८ उरले. डेटा दोन्हीकडे मोजला जातो, कारण सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये असतात आणि बूटच्या वेळी रॅममध्ये उतरवल्या जातात. लिंकर स्क्रिप्टमधली लांबीही बघून घ्या. १२८ केबीच्या सीबी चिपची स्क्रिप्ट उचलून सी८ ला वापरलेली असली, तर फ्लॅश ओव्हरफ्लो झाल्याची सूचना ६४ केबी ओलांडल्यावरही येत नाही.

पायरी ७: सीआय

सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक पॅचवर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत, प्रत्येक बोर्डासाठी बिल्ड, दोन फोल्डरमधल्या हॅशची तुलना आणि दुसऱ्या मेकला काही कंपाइल होत नाही ना याची तपासणी, एवढं पुरे. टूलचेनची आवृत्ती पक्की बांधा. डिस्ट्रिब्युशनच्या पॅकेजवर सोडलं तर रनरची इमेज बदलली की हॅशही बदलतात. गिटहबची चेकआउट ॲक्शन डीफॉल्टने शेवटचा एकच कमिट आणते, टॅग आणत नाही. त्यामुळे गिट डिस्क्राइब अडतो किंवा नुसता हॅश देतो. फेच-डेप्थ ० करा. सीकॅश (आधी कंपाइल केलेलं साठवून पुन्हा वापरणारं टूल) लावायचा तर ऐच्छिक ठेवा. टाइम मॅक्रो ज्या फाइलीत आहे तिला कॅशचा फायदा जवळजवळ मिळत नाही, हे पहिल्या पायरीतलं काम करण्याचं आणखी एक कारण.

आणि सीमेकचं काय? बोर्ड वाढत चालले असतील, पर्यायांची संख्या मेकफाइलच्या इफडेफमध्ये मावत नसेल, तर जरूर न्या. झेफिर ही छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम सीमेकवरच चालते. फक्त एडिटरला कंपाइल-कमांड्सची फाइल हवी म्हणून नेत असाल तर थांबा, बेअर हे टूल मेकच्या बिल्डमधून ती काढून देतं. नेलंच तर दोन्ही बिल्ड काही काळ शेजारी ठेवा, सोर्स फाइलींचा क्रम आणि फ्लॅग हुबेहूब तेच लावा, आणि बिन फाइल जुळेपर्यंत मेकफाइल काढू नका. सीमेक रिलीज प्रकारात स्वतःहून डॅश-ओ३ आणि एनडीबग घालतं. हॅश न जुळण्याचं हे पहिलं संशयित.

पॅच पाठवताना

एका पॅचमध्ये एकच बदल. कमिट मेसेजमध्ये काय अडत होतं ते एका वाक्यात, मग कंपायलरची आवृत्ती, बोर्डाचं नाव, आधीचा आणि नंतरचा हॅश. बायनरी बदलत असेल तर किती बाइटने आणि का, आणि कोणत्या बोर्डावर चालवून बघितलं तेही. जे बोर्ड तुमच्याकडे नाहीत त्यांची नावंही सरळ लिहा, कुणीतरी तपासून सांगतं. बिल्डच्या पॅचमध्ये सी फाइलच्या फॉरमॅटिंगला हात लावू नका. असर्टमध्ये लाइन मॅक्रो असेल तर एक रिकामी ओळ वाढली तरी बायनरी बदलते, आणि मग हॅश दाखवून काही सिद्ध करता येत नाही.